ज्याची पाटी त्यानंच काढायची

भाऊजी, तुमची तेरवी झाली, मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले, तरी पार्कातल्या आपल्या शेडमधल्या मेन स्विचवर तुमची लाल पाटी लटकलेलीच होती. 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' खाली पांढऱ्या रंगानं तुमचं नाव, मनोहर. पाटीच्या कडीतून तुमचं पितळी कुलूप. आता मला सांगा, कुलूप लावून माणूस चहा प्यायला जातो आणि परतच येत नाही, असं कुठं असतं का? हा प्रश्न मी घरात कोणाला विचारत नाही. विचारला की सगळे माझ्याकडं केविलवाणं पाहतात आणि कोणीतरी पाण्याचा पेला आणून हातात देतं. मला तहान लागलेली नाही. मला उत्तर पाहिजे.

मंडळाच्या अंकाचे संपादक येऊन गेले. म्हणाले, वहिनी, मनोहररावांवर दोन पानं लिहून द्या. जन्म कुठला, प्लांटमध्ये कोणत्या विभागात होते, रिटायर कधी झाले, मागं परिवार काय. मी म्हटलं, ते सगळं तुम्हाला आमचे हे सांगतील, त्यांना अख्ख्या खानदानाच्या जन्मतारखा पाठ आहेत. मी लिहीन तर दीर-भावजयीचं भांडण लिहीन. ते जरा बिचकले, पण चहा घेऊन गेले. तुमचे दादा हल्ली, भाऊजी, सकाळी पेपर उघडतात आणि त्याच पानावर दुपार होते. धाकटा भाऊ आधी जातो हा हिशेब त्यांना जमत नाहीये. मला तरी कुठं जमतोय.

वाचणाऱ्यांना आधी पाटीचं सांगायला हवं. भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये कोणी मशीनच्या पोटात शिरून काम करणार असेल, तर तो आधी स्विच बंद करतो, त्यावर आपल्या नावाची लाल पाटी अडकवतो, आपलं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात टाकतो. काम संपवून बाहेर आला की ती पाटी त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. तुमच्या तरुणपणी कोणीतरी दुसऱ्याची पाटी काढली होती आणि आतल्या माणसाचा हात गेला होता, एवढंच तुम्ही मला सांगितलं. त्या माणसाचं नाव कधी सांगितलं नाही. रिटायर झालात तेव्हा लोक प्लांटमधून घड्याळ आणि शाल घेऊन येतात, तुम्ही ही पद्धत घेऊन आलात.

आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये एकदा तुम्ही माझा मिक्सर दुरुस्त करायला घेतला, स्वयंपाकघरातल्या बोर्डावर पाटी अडकवली आणि एक स्क्रू आणायला सुपेल्याच्या बाजारात गेलात. सुपेल्यात तुम्हाला कोणीतरी भेटलं. तुम्हाला सुपेल्यात नेहमीच कोणीतरी भेटायचं. घरी जेवायला माणसं येणार होती, त्याच बोर्डावर फ्रिजचं बटण होतं, आणि तुमचे दादा पाटीला हात लावायला तयार होईनात. त्याची पाटी आहे, एवढं म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मी सगळं वाटण पाट्यावर वाटलं. तुम्ही आलात तेव्हा मी जे बोलले ते या अंकात छापता येणार नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणालात, पाटी काढली नाई हे बेस केलं वहिनी. वर दोन वाट्या चटणी खाल्लीत, पाट्यावरची म्हणून जास्त चांगली लागते म्हणत.

तर आपलं भांडण. तुमचा सगळा जन्म कन्व्हेयरच्या पट्ट्यांत आणि साखळ्यांत गेला. माझा बाप भंडाऱ्याकडं झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा, मुखवटे करायचा, आणि मी लहानपणी विंगेत बसून नाटकं पाहिली. नट एखादं वाक्य बोलतो आणि थांबतो. तो थांबतो म्हणून लोक पाहतात, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक होतं ते उलटं. पट्टा थांबला की मागं मालाचा ढीग लागतो आणि साहेब फोनवर ओरडतो. दोघांचंही आपापल्या जागी खरं होतं, पण आपण दोघं एकाच शेडमध्ये काम करत होतो ना.

गणपतीत आपल्या मंडळाची हलती झांकी आपण करायचो, तिथवर ठीक होतं. मूर्तींचे चेहरे-कपडे माझे, त्यांना हलवायचं तुम्ही. दुर्गच्या बाहेर पार्क काढणाऱ्या शेठनं ती पाहिली आणि म्हणाले, मला भूतबंगला बांधून द्या. इंग्रजीत याला डार्क राइड म्हणतात हे तुम्हीच मला शिकवलं. बंद अंधारी जागा, माणूस डब्यात बसतो आणि डबा त्याला एका गोष्टीतून फिरवून बाहेर आणतो. गोष्ट कोणतीही असो, खरी गंमत डबा कसा चालतो त्यात आहे, असं तुम्ही पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मी म्हटलं, म्हणजे नाटकात खरी गंमत बैलगाडीची, ज्यात बसून लोक नाटकाला आले. तुम्ही हसलात, पण ऐकलं नाही.

मेळ्यातला भूतबंगला तुम्ही एकदा दुरुस्त केला होता, मला सोबत घेऊन गेला होता. तिथं प्रत्येक डब्याला आपली मोटर. दोन रुळांच्या मधोमध एक पट्टी, तिच्यातून करंट. डबा एकटाच जातो, दारावर धडकतो, दार उघडतं, आत अंधार. मला तो फार आवडला. आपण एकटे असतो, मागचं-पुढचं कोणी दिसत नाही, आणि पाहिजे तिथं पट्टीचा करंट तोडून डबा उभा करता येतो, नेमका हडळीसमोर. तुम्ही तिथं मांडी घालून बसलात आणि डब्याच्या खाली हात घालून काजळी दाखवलीत. मेळ्याची धूळ त्या पट्टीवर बसली की डबा मधेच मरतो. मरतो तो हडळीसमोर नाही, जिथं काहीच नाही तिथं, आणि मागचा येऊन त्याला ठोकतो. प्रत्येक डबा आपल्या मर्जीचा, तुम्ही म्हणालात, अशा घरात माणूस नांदू शकत नाही.

शेठना आधी नावा पाहिजे होत्या. सिमेंटचा नाला, पंपानं वाहतं पाणी, त्यात तरंगत जायचं. त्यालाही मी हो म्हटलं, कारण पाण्यावर माणूस आपोआप गप्प बसतो, आणि पाण्याच्या आवाजात मोटरीची घरघर लपते. तुम्ही शेठना विचारलंत, भिलाईच्या मे महिन्यात ते पाणी कसं दिसेल ते पाहिलं आहे का, आणि मच्छर तिकीट काढून येणार का. शिवाय नाव कुठं थबकन, कुठं ठोकर खाईन, सगळी पान्याची मर्जी, तुम्ही म्हणालात. नावेचं तोंडही कायम पुढंच, डाव्या हाताचं पाहावं तर उजव्या हाताचं सुटतं. इथं मी माघार घेतली, कारण माझे निम्मे बाहुले उजव्या हाताला होते.

आणि स्वतः मात्र एका भलत्याच गोष्टीच्या प्रेमात पडलात. वरून टांगलेले डबे. छताला रूळ, रुळाला डबा लटकलेला, खाली इवलंसं शहर, दिवे लागलेले. वाटतं आपण उडतोय. प्लांटमध्ये डोक्यावरून क्रेन जायची तेव्हापासून तुम्हाला तिच्यात बसून नुसतं फिरायचं होतं, हे तुम्ही त्या दिवशी कबूल केलं. शेडचं छप्पर एवढं वजन पेलणार नाही असं निघालं, तेव्हा जेवला नाहीत. तुमच्या लतानं घरून मला फोन करून विचारलं, ताई, यांना कोणी काही बोललं का. मी म्हटलं, छप्पर बोललं.

माझ्या लेकीनं मोबाइलवर परदेशातल्या एका पार्कचा व्हिडिओ दाखवला, तो दिवस मात्र मी विसरणार नाही. त्या गाड्यांना रूळच नव्हता. सपाट फरशीवर आपापल्या चालल्या होत्या, एकमेकींभोवती फुगडी घालत होत्या, एक थांबायची, दुसरी तिला वळसा घालून जायची, आणि कोणी कोणाला धडकत नव्हतं. मी ओरडलेच, की हेच पाहिजे. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी धरला आणि तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग म्हणालात, याले रूळच नाई. चुकली तं कोणाले विचारायचं? मला वाटलं नेहमीसारखं नाक मुरडताय. पण संध्याकाळी मोबाइल पुन्हा मागून घेतलात. त्या गाड्यांबद्दल तुमच्या मनात काय होतं ते तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मीही खोदून विचारलं नाही. आता विचारायचं आहे.

शेवटी साखळीच आली. यायचीच होती. सगळे डबे एका गोल साखळीत ओवलेले, माळेतल्या मण्यांसारखे, आणि साखळी थांबतच नाही. लोक चढायलाही चालत्या डब्यातच चढतात. त्यांचा पाय घसरू नये म्हणून तुम्ही कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा डब्यांच्याच चालीनं सोबत फिरवला. लताला मॉलमधल्या सरकत्या जिन्याची भीती वाटते, म्हणून तिला त्या पट्ट्यावर उभं करून करून चाल कमी करत गेलात. लता न घाबरता चढली त्या दिवशी तुम्ही पेढे वाटलेत. आणि तुमची लाडकी करामत, मुख्य रुळाच्या शेजारचा तो दुसरा बारीक रूळ. डब्याखालचा दांडा त्याच्यातून घसरत जातो. तो रूळ वाकवला की खुर्ची वळते. म्हणजे माणसानं कुठं पाहायचं ते रूळ ठरवतो. पुढं पाहिजे तर पुढं, बाजूला पाहिजे तर बाजूला, आणि जे दाखवायचं नाही त्याच्याकडं खुर्चीची पाठ. हे मात्र मला मनापासून आवडलं होतं. तोंडावर म्हटलं नाही एवढंच.

आपण सगळे दक्षिणेकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो होतो ते आठवतं? अशाच साखळीच्या राइडमध्ये आपण एका खुर्चीत बसलो, कारण लता आणि तुमचे दादा बाहेर सावलीत बसून राहिले. मी चेटकिणीचे हात पाहत होते, कापड काय वापरलंय, बोटं कशी लांब केलीत. तुम्ही गुडघ्यांच्या मधे डोकं घालून खालचा रूळ पाहत होता. अंधारात कुठूनतरी पहारेकऱ्याची शिट्टी वाजली आणि हिंदीतून दरडावणी आली, की काका, डोकं वर करा. बाहेर आल्यावर दादांनी विचारलं, कसं होतं. आपण दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली आणि त्यांना वाटलं आपण दोन वेगवेगळ्या राइडमध्ये बसून आलो.

आपल्या शेडमधली गोष्ट माझी, चकव्याची. बाजारातून घरी निघालेल्या माणसाला जंगलात चकवा लागतो. तेच झाड, तीच विहीर, तोच दगड पुन्हा पुन्हा. शेठना कवट्या पाहिजे होत्या, त्यांच्या समाधानाला दोन टांगल्या. पण शेवटचं दृश्य माझ्या मनात पहिल्यापासून पक्कं होतं. चकवा सुटतो, झाडी संपते, आणि एका दारात हातात कंदील धरून बाई उभी असते. बस. ना किंकाळी, ना काही. तिच्यासमोर डबा थांबला पाहिजे, हा माझा हट्ट. तुम्ही म्हणायचा, साखळी आहे वहिनी, एक थांबली तं सगळ्या थांबतीन. तुमच्या बाईपायी बाकीच्या लोकायले कावून अंधारात दगडासमोर उभं ठेवायचं? मी म्हणायचे, राहू द्या उभे, चकवाच आहे तो. मग तुम्ही दुसरीकडून यायचा. ही बाई कोणाची वाट पाहून राहिली ते सांगा आधी. मी सांगायचे नाही. तुम्ही म्हणायचा, गाडी तिच्यासमोर थांबली तं तिचं वाट पाहनंच संपलं, मग पाहायचं काय. आणि मी म्हणायचे, एखाद्याला तरी ती नीट दिसली पाहिजे. सगळे नुसते समोरून निघून जाणार असतील तर मी तिला एवढे डोळे कशाला काढले?

त्या दिवशीही हेच चाललं होतं. मी बाईला बाहेर उजेडात आणून तिच्या गालाला रंग देत होते. तुम्ही आतून वाकून बाहेर आलात, हात पुसलेत, आणि मी पुन्हा सुरू केलं, की थांबणार नसेल तर मी कंदीलच विझवते. तुम्ही चिडला नाहीत. उलट काहीतरी लपवणाऱ्या माणसासारखं हसलात. म्हणालात, 'चहा पिऊन येतो, मंग सांगतो तुमाले.' पाटी तशीच ठेवलीत, कारण काम बाकी होतं. साहूला घेऊन फाटकाबाहेरच्या टपरीवर गेलात. हा साहू प्लांटमध्ये तुमच्या हाताखाली वेल्डर होता आणि रिटायर झाल्यावर तुमच्याच मागं आला. मी दुसऱ्या गालाला सुरुवात केली. गाल पूर्ण व्हायच्या आत साहू पळत आला, एका पायात चप्पल नव्हती. मला वाटलं शेठ आले असतील.

बाकावर बसलात, कमी साखरेचा चहा सांगितलात, पेला हातात घेतलात, आणि बाजूला कललात. एवढंच साहूनं पाहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं म्हणे. मी तिथं उभी होते आणि माझ्या बोटांना गालाचा रंग लागलेला होता. डॉक्टर तुमच्या दादांना काहीतरी समजावत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, की हे अजून सांगायचं म्हणाले होते. लताला कोणी धरलं, कोणी फोन केले, मला काही आठवत नाही. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, तिला धक्का बसलाय, तिला रडवा. अहो, रडायला आधी पटावं तर लागतं. सकाळी माझा जेवणाचा डबा उघडून भरली वांगी पळवणारा माणूस संध्याकाळी नसतो, हे कोणाला पटेल? मला अजून पटलेलं नाही. राग येतो, भाऊजी. तुम्ही कधी कोणतं काम असं अर्धं सोडून गेला नव्हता. असं का केलं? कावून?

तेरवीनंतर शेठनी निरोप पाठवला की राइड सुरू करायला पाहिजे. सोबत त्यांचा इलेक्ट्रिशियन, हातात कटर. एक कुलूप तर तोडायचं आहे, तो म्हणाला. मी त्याच्या आणि स्विचच्या मधे उभी राहिले आणि त्याला असं काही बोलले की तो कटर घेऊन फाटकापर्यंत गेला. शेठचा फोन आला. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांनी तुमच्यासाठी दोन दिवस पार्क बंद ठेवला होता. पण मला ते कुलूप तुटलेलं पाहवणार नव्हतं. आणि काढायचं म्हटलं तर काढणार कोण? ज्याची पाटी त्यानंच काढायची. तुमच्याच पद्धतीनं तुम्ही मला अडवून ठेवलं होतं. ती पाटी लटकत होती तोवर तुम्ही आत काम करत होता, निदान त्या स्विचला तरी तसंच वाटत होतं, आणि खरं सांगते, मलाही.

साहूला विचारलं, प्लांटमध्ये पाटीवाला माणूसच नसला तर काय करायचे. म्हणजे घरी गेला, आजारी पडला. साहू म्हणाला, त्याचाही नियम आहे, तेव्हा इन्चार्ज पाटी काढतो, आणि 'यहाँ के इन्चार्ज तो अब आप ही हो, भाभी.' तीन गोष्टी कराव्या लागतात. पैकी दोन आधी, तिसरी नंतर. मी म्हटलं, सांग.

पहिली, पाटीवाला माणूस आवारात नाही याची खात्री करायची. हे बोलून साहू थांबला. खात्री करणारानं ते तोंडानं बोलायचं असतं, नुसती मान हलवून चालत नाही. शेडमध्ये आम्ही दोघंच. मी स्विचकडं पाहिलं, पाटीवरचं तुमचं नाव पाहिलं. इतक्या दिवसांत सगळ्यांनी मला ते वाक्य सांगितलं होतं, मी एकदाही म्हटलं नव्हतं. मनोहर आवारात नाहीत, मी म्हटलं. दिराचं नाव घेतलं म्हणून जीभ अडखळली की कशानं, माहीत नाही. साहूनं टोपी काढली.

दुसरी, लाइनवरून स्वतः चालत जाऊन पाहायचं की आत कोणी नाही. किल्ली लताकडं होती. दवाखान्यातून तुमचं घड्याळ आणि चष्मा आला त्याच पिशवीतून आलेली, आणि तिनं पदराला बांधून ठेवलेली. पद्मनाभपूरला तुमच्या घरी तिच्याकडं मागायला गेले तेव्हा वाटलं देणार नाही. तिनं गाठ सोडायला वेळ लावला, पण दिली. म्हणाली, ताई, तुमीच काढा, दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका. मी किल्ली कमरेला खोचली, आतले दिवे लावले आणि साखळीच्या कडेनं चालायला लागले. दिवे लावल्यावर आपलं जंगल किती गरीब दिसतं हो. थर्माकोलचे दगड, बांबूवर ताणलेलं कापड, शेठच्या दोन कवट्या. प्रत्येक वळणावर मी विचारत होते, आत कोणी आहे का. मोठ्यानं विचारायचं असतं, तुम्हीच शिकवलंय. विचारून उत्तरासाठी थांबायचंही असतं. मी प्रत्येक वळणावर थांबले.

साहूनं परत जागेवर ठेवलेल्या बाईसमोर आले तेव्हा खालचा बारीक रूळ दिसला. मी रोज ज्यावरून पाय टाकून जात होते तो सरळ रूळ तिथं नव्हताच. तुम्ही तो कापून नवा घातला होता. मी खाली बसले आणि त्याच्यावरून बोट फिरवत गेले, जसं तुम्ही मला शिकवलं होतं, दांडा कसा जाईल, खुर्ची कशी वळेल. बाईच्या आधी खुर्ची तिच्याकडं तोंड करते. मग डबा पुढं जातो, आणि खुर्ची वळतच राहते, मागं, आणखी मागं, पार त्या कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत. साखळी थांबत नाही. पण बसलेला माणूस बाईकडंच पाहत असतो, ती दिसेनाशी होईपर्यंत. साहू माझ्या मागं येऊन उभा होता. 'आपको दिखाने वाले थे,' तो म्हणाला. 'चाय के बाद.'

रुळाचं शेवटचं टोक नुसतं वेल्डिंगच्या टाक्यावर धरलेलं होतं, पक्का जोड आणि बोल्ट बाकी होते. साहू म्हणाला, काम अर्धं असेल तर पाटी काढता येत नाही. दिव्यांची आणि वेल्डिंगची लाइन वेगळी आहे, म्हणून कुलूप तसंच ठेवून त्यानं तुमच्या पाटीखाली तुमचं काम पुरं केलं. मी टॉर्च धरून बसले. मग बाहेर आलो, मी किल्ली लावली, कुलूप उघडलं, पाटी काढली. पाटी हलकी असते, पत्र्याचीच तर आहे. ती पदरात घेतली आणि साहूला म्हटलं, लाव स्विच.

मी एकटी बसले डब्यात. आतले दिवे बंद केले होते. जंगल पुन्हा जंगल झालं. झाड, विहीर, दगड, पुन्हा झाड. शेवटी कंदील दिसला, खुर्ची हळूच वळली आणि बाई समोर आली. मग मी तिच्यापासून दूर जायला लागले, आणि पाहत राहिले, मान न वळवता, तुम्ही वळवत होता म्हणून. अंधार होता, कोणी पाहत नव्हतं, तेव्हा मी रडले. चांगलं मोठ्यानं रडले, साखळीच्या घरघरीत कोणाला ऐकू गेलं नसेल. तुम्ही माझ्या बाईसाठी एवढा खटाटोप केला आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. माझ्या बापानंतर माझं काम इतकं मनावर घेणारं दुसरं कोणी नव्हतं भाऊजी. आणि तरीही सांगते, थांबली असती तर जास्त चांगलं झालं असतं. मला अजून तसंच वाटतं. तुम्ही असता तर दाखवलं असतं कसं, आणि तुम्ही म्हणाला असता, लोकायले कावून खोळंबून ठेवायचं. हे भांडण मी जिंकलेलं नाही आणि हरलेलंही नाही, आणि आता ते कोणासोबत करू हे मला समजत नाही.

बाहेर आले तर साहू स्विचपाशी उभा होता. मी विचारलं, तिसरी गोष्ट कोणती. तो म्हणाला, ज्याची पाटी काढली, तो कामावर परत यायच्या आधी त्याला कळवावं लागतं. त्याला नाही कळवलं तर तो आपली पाटी अजून स्विचवर आहे असं समजून मशीनमध्ये हात घालेल. एवढं सांगून तो पाठमोरा झाला.

म्हणून हे लिहायला बसले. संपादकांना जे पाहिजे होतं ते यात नाही. तर भाऊजी, कळवते. मेन स्विचवरची तुमची पाटी मी काढली आहे. कुलूप तोडलं नाही, तुमच्याच किल्लीनं उघडलं. आत कोणी नव्हतं, मी स्वतः चालत जाऊन पाहिलं. साखळी चालू आहे. कामावर याल तेव्हा आधी मला हाक मारा, त्याशिवाय आत हात घालू नका.